वर्कशॉप संपल्यावर काय उरतं? वैद्यकीय शिक्षकांच्या अध्यापन-प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकत्याच रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरपासून निवृत्तीला आलेल्या विभागप्रमुखांपर्यंत सगळे हेच प्रश्न विचारतात. कधी चहाच्या सुट्टीत सहज, कधी जरा चिडून. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

विषय येत असेल तर शिकवता येतंच की. डॉक्टरला शिकवायला वेगळं शिकावं का लागतं?

विषय यायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्या प्रत्येकाला असे एक तरी सर आठवतात, ज्यांचं ऑपरेशन बघायला मुलं दाटीवाटीने उभी राहायची आणि ज्यांच्या लेक्चरला मागचे तीन बाक झोपलेले असायचे. शाळेत शिकवायचं तर डी.एड., बी.एड. लागतं. मेडिकल कॉलेजात एम.डी. किंवा एम.एस. झालं, सीनियर रेसिडेंसी झाली, की हातात टाइमटेबल येतं. मग आपण ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्यासारखंच शिकवायला लागतो, चांगलं आणि वाईट दोन्ही.

यावर पहिला मोठा प्रयोग १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात झाला. जॉर्ज मिलर या डॉक्टरने शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन मेडिकलच्या शिक्षकांना वर्गात बसवलं. (हाच मिलर पुढे १९९० मध्ये ‘माहीत आहे, कसं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो’ हा चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडणारा. आपल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये तो त्रिकोण पडद्यावर येतोच.) भारतात पुद्दुचेरीच्या जिपमर या केंद्रीय वैद्यकीय संस्थेत १९७० च्या दशकात राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र निघालं. १९९७ च्या नियमांनी प्रत्येक कॉलेजात मेडिकल एज्युकेशन युनिट (एमईयू), म्हणजे शिक्षकांना शिकवायला शिकवणारा कक्ष, सक्तीचं केलं. २००९ पासून मेडिकल कौन्सिलने प्रादेशिक केंद्रांमार्फत बेसिक वर्कशॉप सुरू केलं. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे सीबीएमई, आला आणि मागणी एकदम वाढली. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी तर असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर बीसीएमईटी हा तीन दिवसांचा मूलभूत कोर्स झालेलाच हवा, असं ठरवून टाकलं.

म्हणजे खरं सांगायचं तर सगळे प्रमोशनसाठीच येतात ना?

बरेच जण, हो. पहिल्या दिवशी सकाळी नऊला समोर बसलेल्या तीस चेहऱ्यांकडे बघून ते कळतंच. अर्ध्या लोकांचा एक डोळा फोनवर असतो, कारण वॉर्डात पेशंट आहे, थिएटरमध्ये लिस्ट आहे.

पण सक्तीने आलेला माणूस काही घेऊन जात नाही, असं मात्र दिसत नाही. उलट सक्ती नसती तर जे कधीच आले नसते, त्यांच्यातलेच काही जण दुसऱ्या दिवशीच्या मायक्रोटीचिंगला गडबडतात आणि मग बदलतात. आपलं सहा मिनिटांचं शिकवणं व्हिडिओवर बघणं हा अनुभव कुणाच्याही पदापुढे झुकत नाही. ‘मी एवढं फळ्याकडे तोंड करून बोलतो?’ हे वाक्य अनेक ज्येष्ठ प्राध्यापकांच्या तोंडून निघतं. सक्तीचा तोटा वेगळीकडे आहे. प्रमाणपत्र मिळालं की विषय संपला, अशी कॉलेजची समजूत होते. पुढे काय झालं हे बघायला कुणी उरत नाही.

परिणाम वर्षानुवर्षं टिकतो याला काही पुरावा आहे का? की वर्कशॉपच्या शेवटच्या दिवसाचे गोड फीडबॅक फॉर्म तेवढे आहेत?

बहुतेक ठिकाणी फॉर्मच आहेत. जेवण चांगलं होतं, एसी जास्त होता, ‘अतिशय माहितीपूर्ण’.

पण काही ठिकाणी काम नीट झालं आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९८७ पासून शिक्षकांसाठी एक कार्यक्रम चालत आला आहे. तो तीन दिवसांचा नाही. नऊ महिने, दर आठवड्याला एक अर्धा दिवस, छोट्या गटात, रोल प्ले आणि चर्चेच्या अंगाने. १९८७ ते २००० या काळात हा कार्यक्रम केलेल्यांना २००२ मध्ये प्रश्नावली पाठवली गेली, आणि कार्यक्रम न केलेल्या शिक्षकांचा एक गट तुलनेला घेतला. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. म्हणजे उत्तर देणाऱ्यांपैकी काहींना प्रशिक्षण घेऊन दोन वर्षं झाली होती, काहींना पंधरा.

फरक कुठे दिसला ते बघण्यासारखं आहे. फीडबॅक देणं आणि घेणं, विद्यार्थ्याला केंद्रस्थानी ठेवणं, शिकायला पोषक वातावरण ठेवणं, या बाबतींत प्रशिक्षण घेतलेले शिक्षक पुढे होते. आणि शिकवण्यातला आनंद! तो असल्याचं त्यांनी जास्त प्रमाणात सांगितलं. त्याच गटाने सहभागींच्या स्वतःच्या शब्दांतल्या उत्तरांचं विश्लेषण करून २००७ मध्ये वेगळा लेख लिहिला. त्यात शिकवण्याच्या तंत्राइतकंच लोक स्वतःकडे बघायला शिकण्याबद्दल आणि नातेसंबंधांबद्दल बोलत होते. स्लाइड कशी करावी याबद्दल वर्षांनंतर कुणी भरभरून बोलत नाही.

याशिवाय मॉन्ट्रियलच्या इव्हॉन स्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी दोनदा सगळं साहित्य चाळलं. २००६ च्या आढाव्यात ५३ अभ्यास होते, २०१६ च्या आढाव्यात १११. दोन्ही वेळा चित्र साधारण सारखंच आलं: शिक्षकांना प्रशिक्षण आवडतं, त्यांचा दृष्टिकोन बदलतो, ज्ञान वाढतं, वागणुकीत बदल झाल्याचं ते स्वतः सांगतात. प्रत्यक्ष करून बघणं, फीडबॅक मिळणं, सहकाऱ्यांशी नातं जुळणं आणि एकापेक्षा जास्त पद्धती वापरणं, या गोष्टी असलेले कार्यक्रम जास्त लागू पडतात.

‘ते स्वतः सांगतात’ हीच तर अडचण आहे. वर्गात खरंच बदल होतो का?

अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हॉपकिन्सचा अभ्यासही स्वतः दिलेल्या उत्तरांवरच उभा आहे, आणि नऊ महिने आठवड्याचा अर्धा दिवस देणारा शिक्षक मुळातच हौशी असणार, हेही खरं.

वैद्यकाच्या बाहेरचं एक उदाहरण इथे फार उपयोगी पडतं. अमेरिकेत जीवशास्त्राच्या कॉलेज शिक्षकांसाठी मोठी वर्कशॉप झाली. नंतर विचारलं तेव्हा ८९ टक्के शिक्षक म्हणाले, आम्ही आमच्या वर्गात सुधारणा केल्या, विद्यार्थ्यांना सक्रिय करणाऱ्या पद्धती आणल्या. मग त्यांच्या वर्गांचे व्हिडिओ बघितले. ७५ टक्के शिक्षक लेक्चरच देत होते. डायॲन एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांचा २०११ चा हा अभ्यास प्रत्येक एमईयूच्या भिंतीवर लावावा असा आहे.

ही लोकं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. मध्येच ‘काही शंका?’ विचारलं, दोन मुलांनी मान हलवली, की आपल्याला वाटतं झालं इंटरॲक्टिव्ह. आपल्या शिकवण्याचं आपल्या मनातलं चित्र आणि मागच्या बाकावरून दिसणारं चित्र यांत बरंच अंतर असतं.

याची उलटी बाजूही आहे. वर्कशॉपच्या आधी ‘तुम्ही फीडबॅक किती चांगला देता?’ विचारलं तर लोक स्वतःला दहापैकी आठ देतात. वर्कशॉपनंतर पुन्हा विचारलं तर सात! शिकवणं बिघडलं का? नाही, फीडबॅक म्हणजे काय हे आत्ता कळलं. म्हणून स्टॅनफर्डच्या केली स्केफ यांच्या गटाने वेगळी पद्धत वापरली. दोन्ही प्रश्न शेवटीच विचारायचे: आज तुम्ही कुठे आहात, आणि आजच्या समजुतीने बघता आधी कुठे होता? आधी आणि नंतर असे दोन फॉर्म घेण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक उत्तर देतं.

विद्यार्थ्यांना फायदा होतो का? आणि रुग्णांना?

विद्यार्थ्यांपर्यंत परिणाम मोजलेले अभ्यास थोडे आहेत, रुग्णांपर्यंतचे त्याहून विरळ. कारण उघड आहे. एका इंटर्नच्या हातून सेंट्रल लाइन नीट पडली, तर त्यात कुठल्या सरांचं वर्कशॉप आणि कुठल्या सिस्टरांचं लक्ष, हे वेगळं काढणार कसं? हा पुरावा नाही म्हणून प्रशिक्षण व्यर्थ, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना विचारावं, तुमच्या सत्तर मिनिटांच्या लेक्चरचा पुरावा कुठे आहे?

मग नेमकं काय टिकतं आणि काय उडून जातं?

हे माझं निरीक्षण, अभ्यासांशी बऱ्यापैकी जुळणारं.

सगळ्यात आधी उडतं ते शब्दभांडार. ब्लूमच्या पायऱ्या, एसएलओ, म्हणजे तासाची नेमकी उद्दिष्टं, लिहायची क्रियापदं, ‘अंडरस्टँड’ लिहायचं नाही ‘एन्युमरेट’ लिहायचं, हे सहा महिन्यांत गेलेलं असतं. पुढच्या इन्स्पेक्शनच्या आधी फाइलमधून परत काढलं जातं. लेसन प्लॅनचंही तेच. कागदावर राहतो.

मधल्या पट्टीत परीक्षेची कौशल्यं येतात. ओएससीई किंवा ओएसपीई, म्हणजे ठरावीक स्टेशनांवर फिरत द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा, तिचं स्टेशन लावणं, चेकलिस्ट करणं, एमसीक्यूचे पर्याय नीट लिहिणं. ही टिकतात, पण वापरली तरच. ज्या विभागात प्रत्येक टर्मिनल परीक्षेला ओएसपीई होते तिथे शिक्षक पाच वर्षांनीही स्टेशन चटकन उभं करतो. जिथे शेवटी ‘व्हायवाच घेऊ या, वेळ नाही’ होतं, तिथे तो विसरतो. यात नवल काही नाही, इन्ट्युबेशनचंही असंच होतं.

टिकतं ते विद्यार्थ्याशी वागणं. एकदा माणसाला कळलं की राउंडवर सगळ्यांसमोर ‘तुला ॲडमिशन कुणी दिली?’ विचारल्याने मुलगा त्या दिवशी आणखी काही शिकत नाही, की तो सहसा परत तसा वागत नाही. बोलायच्या आधी थांबणं, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणं, ‘मलाही माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणणं. यासाठी वेगळा वेळ लागत नाही, साहित्य लागत नाही, डीनची परवानगीही लागत नाही. म्हणूनही टिकत असेल.

आमच्याकडे ओपीडीत दीडशे पेशंट. शिकवायला वेळ कुठला?

यासाठी एक साधन आहे, आणि तीन दिवसांतलं एकच काही लक्षात ठेवायचं तर ते ठेवा. १९९२ मध्ये जॉन नेहर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पाच छोट्या कौशल्यांची पद्धत, आपल्याकडे ‘वन मिनिट प्रीसेप्टर’ म्हणून ओळखली जाते. पायऱ्या कोरड्या वाटतात म्हणून ऑगस्टमधला एक मेडिसिनचा वॉर्ड घेऊ.

फायनल इयरची मुलगी केस सांगते: बावीस वर्षांचा मुलगा, चार दिवस ताप, आज सकाळपासून ताप नाही, अंगदुखी, दोनदा उलटी, प्लेटलेट साठ हजार, बीपी १०० बाय ८०, लघवी सकाळपासून कमी. आणि थांबते. इथे आपली सवय असते ताबडतोब बोलायची: ‘हं, डेंगी आहे, फ्लुइड लावा, चला पुढे.’ तेवढ्यात शिकवण्याची संधी गेली.

त्याऐवजी पहिली पायरी, तिला निर्णय घ्यायला लावा. ‘तुला काय वाटतं?’ ती म्हणते, ‘सर, डेंगी. पण ताप उतरलाय म्हणजे बरा होतोय.’ दुसरी पायरी, कारण विचारा. ‘बरा होतोय हे कशावरून?’ आता तिच्या डोक्यात काय चाललंय ते दिसतं: ताप गेला, बीपी शंभर आहे म्हणजे ठीक, प्लेटलेट फार कमी नाहीत. चूक नेमकी कुठे आहे हे तुम्हाला मिनिटभरात कळलं. लेक्चरच्या तासभरात ते कळलं नसतं.

तिसरी पायरी, एकच सर्वसाधारण नियम सांगा. सगळं डेंगी नाही. ‘डेंगीत ताप उतरतो तेव्हापासूनचे २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे. त्या वेळी वरच्या बीपीकडे एकट्याकडे बघू नकोस, वरच्या-खालच्यातलं अंतर बघ. शंभर बाय ऐंशी म्हणजे पल्स प्रेशर वीस. हा मुलगा शॉकमध्ये चाललाय.’ चौथी, बरोबर काय केलं ते नेमकं सांगा. ‘लघवीचं विचारलंस ते फार चांगलं केलंस, बरेच जण विचारत नाहीत.’ नुसतं ‘गुड’ म्हणून भागत नाही, कशाला गुड ते तिला कळत नाही. पाचवी, चूक सांगा आणि पुढचं पाऊल द्या. ‘हात-पाय थंड आहेत का, कॅपिलरी रिफिल किती, हे तू पाहिलं नाहीस. पुढच्या प्रत्येक डेंगीत प्लेटलेटच्या आधी हे आणि हिमॅटोक्रिट सांगायचं.’

अर्थात या पेशंटमध्ये तिसऱ्या पायरीच्या आधी सिस्टरना हाक मारून सलाइन सुरू करायचं, पाचही पायऱ्या त्यानंतर पुऱ्या करायच्या. पद्धतीच्या नादात पेशंट राहून जायला नको, हे वर्कशॉपमध्ये फारसं कुणी बोलत नाही.

नावात एक मिनिट असलं तरी दोन-तीन लागतात. दीडशेपैकी तीन पेशंटवर केलं तरी पुरे.

फीडबॅक देताना आधी गोड, मग कडू, मग गोड असं शिकवलं होतं. ते चालतं का?

काही दिवस चालतं. मग विद्यार्थी हुशार होतात. ‘छान केलंस’ ऐकलं की कान टवकारून ‘पण’ची वाट बघतात. १९८४ मध्ये पेंडलटन यांनी मांडलेला क्रम मला जास्त आवडतो, कारण त्यात आधी विद्यार्थी बोलतो: काय चांगलं झालं हे त्याने सांगायचं, मग तुम्ही, काय वेगळं करता आलं असतं हे त्याने सांगायचं, मग तुम्ही. कधीकधी तो स्वतःवर तुमच्यापेक्षा कडक टीका करतो, आणि तुमचं काम त्याला जरा सावरायचंच उरतं.

तीन दिवस पुरतात का?

ओळख व्हायला पुरतात. सवय व्हायला नाही. एका दमात दिलेलं ज्ञान लवकर ओसरतं आणि अंतरा-अंतराने दिलेलं टिकतं, हे स्मरणाच्या संशोधनात जुनं आहे. तेच आपण मुलांना अभ्यासाबद्दल सांगत असतो.

जास्त खोल उतरायचं असेल तर आपल्याकडे फायमरची फेलोशिप आहे. फिलाडेल्फियाच्या या संस्थेचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये मुंबईत, परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये सुरू झालं. अविनाश सुपे यांचा त्यात पुढाकार होता. लुधियाना आणि कोइमतूर त्यानंतर. दोन वर्षं, नोकरी सांभाळून; मध्येमध्ये प्रत्यक्ष सत्रं आणि उरलेला काळ ई-मेलवरच्या गटात चर्चा. यातली खरी कळ म्हणजे प्रत्येकाला आपल्याच कॉलेजात एक प्रकल्प राबवावा लागतो. शिकलेलं वापरण्याची जागा आधीच ठरलेली असते. आणि मागे एक गोतावळा उभा राहतो. रात्री अकराला ‘आमच्या प्रिन्सिपलनी नाही म्हटलं, काय करू?’ विचारलं तर उत्तर येतं.

स्टॅनफर्डने १९८० च्या दशकापासून आणखी एक युक्ती वापरली. एका शिक्षकाला महिनाभर बोलावून तयार करायचं आणि त्याने आपल्या कॉलेजात परत जाऊन सहकाऱ्यांची सत्रं घ्यायची. दुसऱ्याला शिकवायचं ठरलं की माणूस स्वतः विसरत नाही. आपल्या एमईयूंनी दरवर्षी तेच चार रिसोर्स पर्सन न वापरता मागच्या वर्षीच्या प्रशिक्षितांना एकेक सत्र दिलं, तर फुकटात हा फायदा मिळेल.

ऑनलाइन केलं तर चालेल?

वाचन आणि लेक्चरचा भाग, जरूर. मायक्रोटीचिंग आणि रोल प्ले, शक्यतो नाही. कॅमेरा बंद ठेवून शिकवायला शिकता येत नाही.

उत्साहाने परत गेलो, पण एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले, ‘इथे हे चालत नाही.’ आता?

दूरगामी परिणामाचा खरा निकाल इथेच लागतो. पॅट्रिशिया ओ’सुलिव्हन आणि डेव्हिड अर्बी यांनी २०११ मध्ये मांडलं की शिक्षक-प्रशिक्षणात दोन समाज असतात, एक वर्कशॉपमधला आणि एक कामाच्या ठिकाणचा. संशोधन बहुतेक पहिल्याच समाजाचं होतं. दुसऱ्यात कोण आहे, तिथे कशाला मान आहे, वेळ कुणाकडे आहे, यावर शिकलेलं जगतं किंवा मरतं.

आपल्याकडच्या दुसऱ्या समाजाचं वर्णन करायला नको. बायोमेट्रिक हजेरी, इन्स्पेक्शनसाठी दुसऱ्या कॉलेजात बदली, अर्धी पदं रिकामी, प्रमोशनला पेपर मोजतात, शिकवणं कुणी मोजत नाही. अशा ठिकाणी एकटा माणूस सहा महिने झटतो आणि मग गप्प बसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, एका विभागातून एकट्याने वर्कशॉपला जाऊ नका, दोघं जा. परत आल्यावर ‘सर, आम्हाला वाटतं’ असं म्हणता येतं, आणि ‘आम्हाला’ला वजन असतं. दोन, एचओडींशी तत्त्वावर वाद घालू नका. आठवड्याचं एक पोस्टिंग, एक टर्मिनल, एक बॅच मागा. ‘एवढंच करून बघतो, नाही जमलं तर जुनं सुरू’ याला सहसा नाही म्हणत नाहीत. आणि जमलं तर पुढच्या वर्षी तेच इतर विभागांना सांगत फिरतात.

एका बॅचला २५० मुलं. स्मॉल ग्रुप, सेल्फ डायरेक्टेड लर्निंग हे सगळं कागदावरच नाही का?

पुण्याचं बी. जे., नागपूरचं जीएमसी, मुंबईचं ग्रँट किंवा सेठ जी. एस. असो, अडीचशेच्या बॅचला दहा-दहाचे गट करायला पंचवीस शिक्षक लागतील, आणि कुठल्याच विभागात ते नसतात. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी हा गुणाकार केलेला दिसत नाही.

तरी अडीचशेतही काही जमतं. वीस मिनिटांनी एक केस पडद्यावर टाकायची, शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला लावायचं, मग हात वर. ज्याचा हात वर नाही त्यालाही ‘तुमच्या दोघांचं काय ठरलं?’ विचारता येतं, आणि एकट्याचं अज्ञान उघडं पडत नसल्याने मुलं बोलतात. गोंगाट होतो, तो होऊ द्यावा. सगळं लेक्चर असं करायला जाऊ नका, दमाल. दोनदा केलं तरी मागचे बाक जागे राहतात.

परराज्यातल्या मुलांना मराठी येत नाही. बेडसाइडला काय करायचं?

शासकीय कॉलेजात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातल्या, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास असतात, ते मनापासून घ्यावेत. त्यापुढे एक साधा नियम: पेशंटशी मराठीत, शिकवणं इंग्रजीत किंवा हिंदीत, आणि पेशंटसमोर त्याच्याबद्दल इंग्रजीत गूढ चर्चा करून निघून जायचं नाही. शेवटी दोन वाक्यं पेशंटला मराठीत सांगायची. एटकॉमचा, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाचा, तास घेऊन जे शिकवायचं ते मुलं तिथे बघून शिकतात.

रेसिडेंट्सना हे प्रशिक्षण का देत नाहीत?

द्यायला हवं, आणि आधी त्यांनाच द्यायला हवं. वॉर्डात रात्री दोनला आयव्ही लावायला इंटर्नला शिकवतो तो जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. फोली (लघवीची नळी) कशी घालायची, एमएलसीचा (पोलीस केसचा) कागद कसा भरायचा, डेथ डिक्लेअर करताना नातेवाइकांशी काय बोलायचं, हे त्याच्याकडून येतं. तरी बहुतेक ठिकाणी त्याला शिकवण्याबद्दल एक तासाचंही औपचारिक काही मिळत नाही. वर दिलेल्या पाच पायऱ्या आणि फीडबॅक, एवढंच दोन तासांत देता येतं. तो शिक्षक होईल तेव्हा त्याची सवय आधीच लागलेली असेल.

आमच्या कॉलेजात परिणाम मोजायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

किर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या वर्कशॉपमध्ये ऐकल्या असतील: आवडलं का, शिकलं का, वागणं बदललं का, निकाल बदलला का. पहिल्या पातळीचा फॉर्म दोन ओळींचा करा आणि श्रम तिसऱ्या पातळीवर लावा.

सहा महिन्यांनी आणि मग दीड वर्षाने एका सहकाऱ्याने वर्गात मागे बसायचं, एका पानाची चेकलिस्ट घेऊन: किती प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती थांबले, किती वेगवेगळ्या मुलांनी तोंड उघडलं. नाव वर जाणार नाही, प्रमोशनशी संबंध नाही, हे आधी लेखी सांगा, नाहीतर त्या दिवशी सगळे नाटक करतील. विद्यार्थ्यांना ‘सर चांगले शिकवतात का’ विचारू नका. ‘या पोस्टिंगमध्ये तुला हिस्टरी घेताना प्रत्यक्ष बघून कुणी काही सांगितलं का? काय सांगितलं?’ असं विचारा. उत्तर बहुधा ‘नाही’ येईल. ते पचवायची तयारी ठेवा.

एमसीक्यूच्या सत्राचा परिणाम मोजणं सर्वांत सोपं, कारण आकडे तयारच असतात. वर्कशॉपच्या आधीच्या आणि नंतरच्या टर्मिनलच्या पेपरचं आयटम ॲनालिसिस, म्हणजे एकेका प्रश्नाचं विश्लेषण, करा. डिस्क्रिमिनेशन इंडेक्स उणे आलेले प्रश्न, म्हणजे हुशार मुलांचे चुकले आणि कच्च्यांचे बरोबर आले असे, किती कमी झाले ते बघा. असा प्रश्न सापडला की आधी आन्सर की (उत्तरसूची) तपासा, बऱ्याचदा तीच चुकलेली असते.

पंचवीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकांना याचा काय उपयोग?

वर्कशॉपमध्ये तेच सर्वांत चांगली उदाहरणं देतात. फक्त त्यांना पहिल्याच सत्रात व्हिडिओसमोर उभं करू नका.

उद्या सकाळी माझा पहिला क्लिनिक (पेशंटजवळ शिकवण्याचा तास) आहे आणि वर्कशॉपला नंबर लागायला अजून चार महिने आहेत. काय करू?

एकच पेशंट निवडा, आदल्या संध्याकाळी त्याची परवानगी घ्या. बॅचमधल्या दोन मुलांना हिस्टरी घ्यायला सांगा आणि तुम्ही मध्ये न बोलता सगळी बघा. दहा मिनिटं गप्प राहणं अवघड जाईल. मग बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन त्यांना विचारा, काय वाटतं आणि कशावरून. तुम्ही एकच मुद्दा शिकवा, दोन नाही. पाच मिनिटं उरली तर मुलांना लवकर सोडा, बारानंतर मेसमध्ये भाजी संपते.